दहांतली एक

१२ सप्टेंबर

ताई,

सोबत अपिलाचा अर्ज पाठवतेय. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे फक्त सही करायची, बाकी मजकूर मी भरलाय. मुदत एकतीस ऑक्टोबरला संपते. म्हणजे दीड महिना आहे, पण तुझं मला माहीत आहे. टाकायचं म्हणून बाजूला ठेवलेलं पत्र पुढच्या वर्षी तुझ्या दप्तरात सापडतं. म्हणून तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही आत घातलंय. सही कर, पाकीट चिकटव, पेटीत टाक. एवढंच.

आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या मैत्रिणीच्या रोपवाटिकेचा पत्ता बरोबर आहे ना, एवढं तरी तिला कळवायला सांग.

आई बरी आहे. रोज विचारते, मोठी कुठे गेली? पहिल्या दिवशी तोंडाला आलं ते सांगून बसले, ट्रेनिंगला गेलीय म्हणून. आता तेच पुढे चालवतेय. काल म्हणाली, "एवढं काय शिकवतात गं तिला? सत्तावीस वर्षं तीच शिकवतेय ना?" मी म्हटलं, आई, नवीन पद्धती आल्यात. तर म्हणे, "मग हिलाच उभं करा म्हणावं पुढे." तिला अजून सगळं कळतं, फक्त वार कळत नाही.

आता एक गोष्ट लिहून मोकळी होते. तुझ्या मनात असेल की धाकटीने घात केला. ताई, तुझ्या तासाच्या निरीक्षणाच्या पत्रकात मी तेवढंच भरलं जे दिसलं. बेचाळीस रकाने असतात, प्रत्येकाला हो किंवा नाही. माझ्या जागी दुसरं कोणी पाठीमागच्या बाकावर बसलं असतं तरी त्याच खुणा झाल्या असत्या. आणि माझ्या पत्रकामुळे तुला नुसतं सहा आठवड्यांच्या उजळणी वर्गाला पाठवलं. घरी बसवायचा हुकूम निघाला तो त्या वर्गानंतर, प्रशिक्षण केंद्रातल्या मॅडमच्या अहवालावरून. त्यात माझं एक अक्षर नाही.

अकरा महिन्यांच्या नेतृत्वाच्या ट्रेनिंगसाठी शाळेला एकच जागा आली होती. मुख्याध्यापकांनी आधी तुला विचारलं. तू म्हणालीस, मला नको, धाकटीला पाठवा. मी मागितली नव्हती ती जागा. परत आल्यावर दहा सहकाऱ्यांचे वर्ग बघायचं काम गळ्यात पडेल आणि त्या दहांत तू असशील, हे मला तरी कुठे माहीत होतं?

त्या दिवशी केंद्राच्या हॉलमध्ये लोक हसले तेव्हा मी स्टेजवर होते हे खरं. पण मी खाली वाकून कागद शोधत होते. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा काय झालं ते मला कळलंच नव्हतं.

सही कर.

तुझी धाकटी


२९ सप्टेंबर

ताई,

तुझी तिसरीची तुकडी सध्या माझ्याकडे आहे. तुझ्या जागी आलेला तरुण मास्तर तीन आठवड्यांत पायाला पाय लावून पळाला. जाताना मुख्याध्यापकांना म्हणाला, ही मुलं अंगावर येतात. नवा माणूस मिळेपर्यंत दोन आठवडे तुम्हीच बघा, असं मुख्याध्यापक म्हणाले. मला बरंही वाटलं. दोन वर्षांत मी मुलांना काही शिकवलेलं नाही. शिकवणाऱ्यांना शिकवते. ते सोपं असतं. मोठी माणसं कंटाळली तरी मान डोलावतात.

पहिल्या दिवशी पाठाचं टिपण घेऊन टेबलाशी उभी राहिले. रंगीत चिठ्ठ्या आणल्या होत्या, गट पाडायला दोरा आणला होता. बोलायला सुरुवात केली तोच दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून सरळ माझ्याजवळ आली. तिने माझ्या कोपराला हात लावला आणि मी तिच्याकडे बघेपर्यंत थांबून राहिली. मग तोंड मोठं उघडत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाई. माझी. पेन्सिल. संपली." तिच्यामागे आणखी तिघं उभी, आपापल्या पाळीची वाट बघत. मी म्हटलं, जागेवर बसा आणि बसूनच विचारा. ती बसली. त्यानंतर दिवसभर एकाही मुलाने मला काही विचारलं नाही.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला थांबवलं, जिला सगळे वकील म्हणतात. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, कुणाचंही भांडण स्वतःच्या अंगावर घेणारी. तिला विचारलं, "तुम्ही मुलं उठून का येता गं?"

"बाईंना दिसावं म्हणून."

"काय दिसावं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मला पाढेच येत नाहीत. "तोंड," म्हणाली. "बाईंना ऐकू येत नाही ना. तोंड दिसलं की त्यांना कळतं. मागच्या बाकावरून कोणी विचारलं तर मी उठून पुढे जाते आणि त्याचं सांगते. म्हणून मला वकील म्हणतात."

मी विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे?

"आम्हा सगळ्यांना. आम्ही कुणाला सांगितलं नाही. बाईंना काढतील ना." मग तिने विचारलं, "तुम्ही सांगितलंत का?"

मी म्हटलं, नाही.

हे खरं आहे ताई. मी कुणालाही सांगितलं नाही. पण ती गेल्यावर मी स्टाफरूममध्ये न जाता वर्गातच बसून राहिले.

काल सगळ्यांना एकेक करून वाचायला लावलं. धडा पुस्तकातला नव्हे, मी बाहेरून आणलेला, त्यांनी कधी न पाहिलेला. तेहतीस मुलं. एकतीस जण अडखळल्याशिवाय वाचतात. नुसतं वाचत नाहीत, प्रत्येक शब्द ओठांवर आणून समोर ठेवतात. घाईघाईत गिळलेलं वाक्य तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, तू पुन्हा म्हणायला लावायचीस, पुन्हा, पुन्हा. त्यांना वाटायचं, बाईंची अडचण आहे. आणि त्यातच ती शिकली. मी पाहिलेल्या दहा वर्गांतल्या दुसऱ्या कुठल्याही वर्गात निम्मीसुद्धा मुलं असं वाचत नाहीत. बेचाळीस रकान्यांत मुलांना वाचता येतं का, असा एकही रकाना नाही. मी आज पुन्हा मोजून पाहिले.

मी सतरावा भरला होता. विद्यार्थी वारंवार जागा सोडतात. हो.

अर्जाचं काय केलंस? महिना उरला.

तुझी धाकटी


१७ ऑक्टोबर

ताई,

आज मुख्याध्यापकांकडे गेले होते. म्हटलं, मला माझं पत्रक दुरुस्त करायचंय. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला बसा म्हणाले नाहीत, ह्यावरूनच ओळखलं.

"दुरुस्तीची मुदत पत्रक भरल्यापासून तीन दिवस असते," म्हणाले. "नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात."

मी म्हटलं, काही गोष्टी मला माहीत होत्या आणि मी त्या लिहिल्या नाहीत.

"मग त्या आता तोंडातून काढू नका. बहिणीचा वर्ग तुम्ही पाहिलात हीच मुळात चूक. ती मीही खपवली. आता तुम्ही म्हणणार, माहीत असून लपवलं. मग बाकीच्या नऊ पत्रकांचं काय? ती नऊ माणसं माझ्या दारात उभी राहतील. आणि केंद्राने मार्गदर्शकांच्या वरच्या गटासाठी तुमचं नाव काढलंय, ते वेगळंच. खपली धरलीय, ती काढू नका."

मी उठून आले. उठून आले म्हणजे काय, उभीच तर होते.

तुला मी आतापर्यंत जे लिहिलं त्यातलं निम्मं खोटं आहे. आज खरं लिहिते. 

तुझ्या कानांचं मला दोन वर्षांपासून माहीत होतं. हे तुलाही माहीतच आहे, तूच मला बरोबर नेलं होतंस. दवाखान्याचा तो लांब बोळ, हिरव्या खुर्च्या, काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली तू. आवाज आला की बटण दाबायचं होतं. बाहेरून मला दिवा दिसत होता. दिवा लागायचा आणि तुझा हात मांडीवर तसाच. बाहेर आल्यावर हसत म्हणालीस, "परीक्षेत पहिल्यांदाच नापास झाले." मग रस्त्यावर माझा दंड धरून म्हणालीस, कुणाला सांगू नकोस, नोकरी जाईल. मी शब्द दिला. ट्रेनिंगची जागा तू मला का दिलीस तेही मला तेव्हाच कळलं होतं. तीनशे माणसांच्या हॉलमध्ये, माइकवर बोलणाऱ्यांचे ओठ तुला दिसले नसते. घरी मात्र मी सांगितलं, ताईने माझ्यासाठी त्याग केला. आईने तुझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती.

तुझा वर्ग बघायला आले त्या दिवसाचं. पहिली दहा मिनिटं मुलं उठून तुझ्याकडे येत होती आणि तास छान चालला होता. निरीक्षकाने तोंड उघडायचं नसतं, ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच सांगतात. पण मी पाठीमागून म्हटलं, "जागेवर बसून विचारा." मुलं घाबरून बसली. मग ती बसल्या जागेवरून विचारू लागली आणि तू फळ्यावर लिहीत राहिलीस. एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं. ती वकील अर्धी उठली, माझ्याकडे पाहिलं आणि बसली. मी तेविसाव्या रकान्यात लिहिलं, विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना प्रतिसाद देत नाही.

का, ते लिहिते.

दहा पत्रकांत एक तरी शेवटच्या गटात, म्हणजे उजळणीच्या यादीत, जावं लागतं. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण मॅडमनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सगळेच चांगले दिसत असतील तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत खोट आहे. माझी ती पहिलीच दहा पत्रकं, आणि त्यांवर माझी पुढची निवड व्हायची होती. नऊ भरून झाली होती. विज्ञानाचे सर खरोखर वर्गात झोपतात, पण ते भांडखोर, वरपर्यंत जातील. चित्रकलेच्या बाईंचं नुकतंच मूल गेलं होतं. एकेकाचं नाव घेऊन मी विचार केला, ह्याला टाकलं तर काय होईल. आणि तुझ्यापाशी येऊन थांबले. तू वाईट शिकवतेस असं मला कधी एक क्षणही वाटलं नाही. तू भांडणार नाहीस, म्हणून तू.

मला वाटलं होतं, सहा आठवडे केंद्रात बसशील, कंटाळशील, परत येशील. मी स्टेजवर असेन, सांभाळून घेईन.

आता हॉलचं. मॅडम एकेकाला उभं करून प्रश्न विचारत होत्या. तुला विचारलं, "शिक्षिका म्हणून तुम्ही इथवर कशा पोचलात?" तू त्यांचे ओठ बघत होतीस, त्यांनी मध्येच मान वळवून पुन्हा तुझ्याकडे केली, तुला फक्त शेवटचे दोन शब्द मिळाले. तू नीट उभी राहून, शहाण्या मुलीसारखी म्हणालीस, "अकरा नंबरच्या बसने. पुढे चालत." सगळा हॉल हसला. मॅडमना वाटलं तू टर उडवतेस. अहवालात त्यांनी तेच लिहिलं, उपहासात्मक वर्तन.

मी कागद शोधत नव्हते ताई. मी हसले. सगळ्यांबरोबर, दात दाखवून. तू हॉलभर नजर फिरवलीस आणि माझ्या तोंडावर थांबलीस. हसण्याचा आवाज तुला आला नसेल, पण तोंडं तर तू सगळ्यांपेक्षा चांगली वाचतेस.

अजून चौदा दिवस आहेत. निदान माझ्यावर राग काढायला तरी सही कर.

धाकटी


३१ ऑक्टोबर

ताई,

आज साडेचारपर्यंत टपालवाल्याची वाट पाहिली. पाच वाजता कचेरी बंद होते. अर्जाची दुसरी प्रत माझ्याकडे होती.

मी सही केली. तुझी.

लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच आईची सही करायचीस आणि म्हणायचीस, बघ, धाकटे, अक्षर म्हणजे काय, मनगटाचं वळण. तेव्हापासून तुझं वळण माझ्या मनगटात आहे. कारकुनाने वर न बघता शिक्का मारला.

रागावू नकोस. सुनावणी होईल, तू ये, समोर बसव कोणालातरी सावकाश बोलायला. तुला बघितल्यावर त्यांना कळेल.

धाकटी


२ डिसेंबर

ताई,

परवा सुनावणी झाली. लाकडी टेबल, पाण्याचे तीन पेले, एक अधिकारी, एक कारकून. मुख्याध्यापक येणार नव्हते. तुझी खुर्ची मी माझ्या शेजारी ओढून ठेवली होती, खिडकीच्या उजेडात, म्हणजे समोरच्याचं तोंड तुला नीट दिसेल.

अधिकाऱ्याने पाकीट उघडलं. म्हणाला, अर्जदाराचं पत्र आलंय. आणि कारकुनाने ते वाचलं. तीनच वाक्यं. "मी असा कोणताही अर्ज केलेला नाही. अर्जावरची सही माझी नाही. ती कोणाची आहे हे मला विचारू नये."

कारकून वाचत होता तेव्हा मला कागदाची मागची बाजू दिसत होती. तू पेन दाबून लिहितेस, अक्षरं मागून उठली होती.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. वयस्कर माणूस होता, आवाजाने बरा. म्हणाला, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "सहकारी."

त्याने पत्र पाकिटात घातलं. मग कागदांना दोरी बांधली. सांगितलं, विषय संपला, आता पुन्हा उघडता येणार नाही. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले. आत जाऊन खरं सांगायला फक्त दार ढकलायचं होतं. दार उघडंच होतं, खरं तर. कारकून डबा खात होता. मी घरी आले.

त्या तीन ओळी सारख्या डोळ्यांसमोर येतात. तू मला वाचवलंस की माझ्याशी संबंध तोडलास, हे कुणाला विचारू? आईला विचारता येत नाही. तिच्या लेखी तू अजून शिकतेयस.

काल अर्जाची माझी प्रत पुन्हा वाचली, आणि तू सही का केली नसशील ते मला आता कळलं. मी तुझ्या नावाने लिहिलं होतं, "माझी ऐकण्याची अडचण मी स्वतःहून सर्वांपासून लपवली. निरीक्षकांना याची कोणतीही कल्पना नव्हती." हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नव्हता. तुला न्याय मिळावा म्हणून केलेल्या अर्जात मी आधी स्वतःची सोय केली, आणि त्यावर सही तुझी मागत होते. तू ते बारा सप्टेंबरच्याच पत्रात वाचलं असशील. तरी मी पुढची पत्रं पाठवत राहिले, सही कर, सही कर.

आईच्या औषधांचा डबा आता मीच भरते. शनिवारी तुझ्याकडे येतेय. नको म्हणायचं असेल तर कळव.

धाकटी


१६ डिसेंबर

ताई,

तू कळवलं नाहीस, म्हणून आले होते. हे मी तुलाच काय लिहितेय, तू तिथे होतीस. पण आपण दोघी त्या दिवशी एका ठिकाणी होतो असं मला वाटत नाही. म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

पाच तास बस. फाटकाशी तुझी मैत्रीण भेटली. मला पाहून तिचा चेहरा पडला, तरी पाणी आणून दिलं. म्हणाली, ती मागे आहे, पिशव्यांत माती भरतेय. मग हळूच म्हणाली, "आता तिला काहीच ऐकू येत नाही हं. ऑगस्टपासून उरलंसुरलंही गेलं. आम्ही कागद-पेन्सिल ठेवलीय." मी विचारलं, मुलांची आठवण काढते का? "पहिल्या महिन्यात काढायची. एकेकाचं नाव घेऊन ते कुठल्या धड्यावर आले असतील ते सांगायची. आता नाही."

तू ओट्यावर बसली होतीस. हात कोपरापर्यंत मातीचे. ओळीने काळ्या पिशव्या, प्रत्येकीत सारखी माती, वर बोटाने केलेला खड्डा. केस एवढे पांढरे केव्हा झाले? मी समोर येऊन उभी राहिले. सावली पडली तशी तू वर पाहिलंस. दचकली नाहीस. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघायचीस, तसं बघितलंस.

मी बोलायला लागले. मुलांनी शिकवलं होतं तसं, एकेक शब्द सुटा, तोंड उघडून. म्हटलं, ताई, मला माफ कर म्हणायला मी आलेली नाही. मी सांगायला आलेय. दहा पत्रकांचं सांगितलं, विज्ञानाच्या सरांचं, चित्रकलेच्या बाईंचं. तू माझे ओठ बघत होतीस. तुझी पापणी हलत नव्हती. पत्रात हे सगळं लिहून झालं होतं, तरी मला ते तुझ्या डोळ्यांदेखत म्हणायचं होतं. मी म्हटलं, तू भांडणार नाहीस, म्हणून मी तुला निवडलं.

तेव्हा तू डोळे मिटलेस.

मला आधी वाटलं माती गेली. मग कळलं. तू शांत बसली होतीस, हात मांडीवर, चेहरा माझ्याकडेच आणि डोळे मिटलेले. दार लावावं तसे. मी बोलतच राहिले, ताई. बराच वेळ. हॉलमधलं हसणं सांगितलं, "सहकारी" म्हटलं ते सांगितलं, आई काय विचारते ते सांगितलं. तुझा हात धरायला गेले, तर तू तो काढून घेतलास. झटकला नाहीस. जराशा अंतरावर नेऊन ठेवलास. शेवटी माझा आवाज मलाच ऐकू येईना, मी थांबले. थोड्या वेळाने तू डोळे किलकिले केलेस, माझं तोंड बंद आहे ना ते पाहिलंस आणि मग पूर्ण उघडलेस. कागद ओढलास. लिहिलंस, "शेवटची बस पाचला आहे. आईला एकटी ठेवू नकोस."

आणि पुढची पिशवी घेतलीस.

बसमध्ये तो कागद हातात होता. बायकांनी जागा दिली मला. वाटलं असेल कुणी गेलंय.

घरी आल्यावर आईने विचारलं, "भेटली का? कशी आहे?" म्हटलं, बरी आहे. "झालं का तिचं शिकून?" मी म्हटलं, हो, झालं. तर म्हणाली, मग येईल आता. संध्याकाळपासून दाराकडे तोंड करून खुर्ची लावून बसते. हे खोटं बोलायला नको होतं. आधीचं त्यापेक्षा बरं होतं.

सोमवारी मुख्याध्यापकांना म्हटलं, मला तिसरी द्या, मला परत वर्ग घ्यायचाय. ते म्हणाले, मार्गदर्शकाला खाली आणायची सोय नाही, आणि खरं सांगू का, दोन आठवडे तुम्ही वर्ग घेतलात तेव्हा मुलं गप्प झाली होती. वाईट वाटून घेऊ नका, सवय मोडते माणसाची. तुझ्या वर्गाला नवीन बाई आल्यात. तरतरीत आहेत. मी बोळातून पाहिलं, सगळी मुलं आपापल्या जागेवर, हात घडी, तोंड बंद. वकीलही. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली.

वरच्या गटाची नेमणूक आलीय. मी सही केलीय, ह्यावेळी माझी स्वतःची. येत्या सोमवारपासून केंद्रात नवीन चाळीस मार्गदर्शकांची तुकडी बसतेय आणि वर्ग कसा पाहावा हा विषय माझ्याकडे आहे. मी तुझी हकिगत, नाव न घेता, पहिल्या तासाला सांगायची म्हणून लिहून काढली होती. मॅडमनी टिपण वाचलं. म्हणाल्या, छान आहे, पण सुरुवातीलाच असं ऐकलं तर लोक कचरतील, ते पान काढूया. मी काढलं. एकदाही वाद घातला नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, दहांतल्या एकाचं तुम्ही सांगाल ना, की मी सांगू? मी म्हटलं, सांगते.

चाळीस माणसं, प्रत्येकाने दहा वर्ग बघायचे. म्हणजे चाळीस जण शेवटच्या गटात जातील. कोणाला काय झालेलं असेल, कोण कोणापासून काय सांभाळत उभा असेल, मला कळणार नाही. पण त्यांना कसं निवडतील ते मला आत्ताच माहीत आहे. प्रत्येक जण यादीवरून बोट फिरवत खाली येईल आणि जो भांडणार नाही त्याच्यापाशी थांबेल.

मी सोमवारी जाणार नाही, असं आत्ता इथे लिहायला घेतलं होतं. अर्धं वाक्य लिहून खोडलं, वरची खाडाखोड तीच आहे. तुला आता आणखी एक खोटं पाठवणार नाही.

मी जाणार आहे.

धाकटी